थिओडोर कोखर

एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातून हिंडणाऱ्या प्रवाशाला बर्फाच्छादित शिखरांइतकेच आणखी एक दृश्य जागोजागी दिसत असे. शेतात राबणाऱ्या स्त्रिया, गुराखी, शाळकरी मुले यांच्यापैकी अनेकांच्या गळ्याच्या पुढच्या बाजूस मोठी गाठ आलेली असे. कोणाची लिंबाएवढी, कोणाची नारळाएवढी. या विकाराला गलगंड म्हणतात. गाठ लहान असेतो लोक तिच्याकडे दुर्लक्ष करीत. परंतु ती वाढत गेली की श्वासनलिका दाबली जाई, अन्न गिळणे कठीण होई आणि रात्री आडवे झाल्यावर जीव गुदमरू लागे. त्याच खेड्यांमध्ये खुजी, सुजलेल्या चेहऱ्याची आणि बुद्धीची वाढ खुंटलेली माणसेही जन्माला येत. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे, हे त्या काळी नीट कळलेले नव्हते.

आपल्या गळ्यात श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी किंवा थायरॉइड असे नाव आहे. ती अन्नपाण्यातील आयोडीन शोषून घेते आणि त्यापासून तयार केलेले संप्रेरक रक्तात सोडते. शरीराची वाढ, उष्णता, बुद्धीचा विकास यांवर या संप्रेरकाचे नियंत्रण असते. पर्वतीय प्रदेशातील मातीत आयोडीन कमी असले की ही ग्रंथी अधिक कष्ट करू लागते आणि फुगते. हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या देशबांधवांनाही पिढ्यान्‌पिढ्या हाच त्रास होत आला. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग झाला आणि १९६२ साली भारत सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो याच कारणासाठी. मात्र १८७० च्या सुमारास यांतले फारच थोडे ठाऊक होते. अवटू ग्रंथीचा शरीराला नेमका उपयोग काय, हेच मुळी कोणाला माहीत नव्हते. पुष्कळ वैद्यकतज्ज्ञ तिला निरुपयोगी अवयव समजत. या एका गैरसमजाची किंमत पुढे अनेक रुग्णांना मोजावी लागली.

गलगंड कापून काढणे हाच एक उपाय उरे. पण तो आजारापेक्षा भयंकर होता. या ग्रंथीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. चाकू लागताच रक्ताच्या चिळकांड्या उडत आणि रुग्ण मेजावरच प्राण सोडी. जो वाचे तो पुढे जखम चिघळून जाई. १८५० साली फ्रान्सच्या वैद्यक अकादमीने या शस्त्रक्रियेचा निषेध केला होता. त्या शतकातील अग्रगण्य शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी झुरिक येथे ती करून पाहिली, तेव्हा दर दहा रुग्णांपैकी सुमारे चार दगावले. खचून जाऊन त्यांनी काही वर्षे या शस्त्रक्रियेचे नावच टाकले.

अशा काळात बर्न शहरात एका तरुणाने हा विषय हाती घेतला. एमिल थिओडोर कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी याच शहरात झाला. वडील अभियंता होते. आई अत्यंत धर्मनिष्ठ होती आणि तिच्या श्रद्धेचा ठसा मुलावर जन्मभर राहिला. बर्न विद्यापीठातून १८६५ साली वैद्यकाची पदवी मिळवून कोखर युरोपात हिंडले. बर्लिनमध्ये त्यांनी लांगेनबेक यांचे काम पाहिले. लंडनमध्ये स्पेन्सर वेल्स रक्तस्राव कसा आवरतात, याचे बारकाईने निरीक्षण केले. बिलरोथ यांनाही ते गुरुस्थानी मानत. परत आल्यावर १८७२ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ते बर्नच्या विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक आणि तेथील इन्सेलश्पिटाल या रुग्णालयातील शल्यविभागाचे प्रमुख झाले. पुढे मोठमोठ्या विद्यापीठांची बोलावणी आली; पण त्यांनी बर्न सोडले नाही. पंचेचाळीस वर्षे ते त्याच पदावर राहिले.

कोखर यांचा हात घाईचा नव्हता. भूल देण्याची सोय नव्हती त्या दिवसांत जो सर्वांत झटपट कापील तो सर्वांत निष्णात, असे मानले जाई. ती सोय झाल्यावरही अनेकांची ही सवय सुटली नव्हती. कोखर यांनी उलट रीत धरली. आधी लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीचा त्यांनी स्वीकार केला. पुढे हत्यारे, हात, धागे, सर्व काही आधीच निर्जंतुक करून घेण्यावर त्यांचा कटाक्ष राहिला. ग्रंथीला हात घालण्यापूर्वी तिला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या ते एकेक करून बांधून टाकीत. सुटणारी लहानशी रक्तवाहिनीसुद्धा ते स्वतः बेतलेल्या चिमट्याने पकडीत. त्या चिमट्याला जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत आजही कोखर यांचेच नाव आहे. गळ्यावर आडवा, हाराच्या रेषेसारखा छेद घेण्याची पद्धतही त्यांनी रूढ केली. त्यामुळे नंतर राहणारा व्रण त्वचेच्या वळीत झाकला जाई. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राकडे जाणारी एक नाजूक मज्जा असते. ती दुखावली तर रुग्णाचा आवाज कायमचा घोगरा होतो. तिला जपण्यासाठी कोखर ग्रंथीच्या आवरणाला अगदी धरून, शांतपणे, थर उलगडत जात. रक्ताने न माखलेल्या त्या जागेत त्यांना प्रत्येक गोष्ट स्पष्ट दिसे.

याचे फळ लवकरच दिसू लागले. दगावणाऱ्यांचे प्रमाण भराभर उतरले. १८८९ साली त्यांनी आपल्या २५० शस्त्रक्रियांची माहिती दिली, तेव्हा ते शंभरांत अडीचच्याही खाली आले होते. पुढच्या दशकात ते शंभरांत एकाहूनही कमी झाले. ज्या शस्त्रक्रियेला लोक कसाईकाम म्हणत, ती आता सुरक्षित झाली होती. आणि ती इतकी सफाईने होऊ लागली म्हणूनच कोखर यांना वाटू लागले की, गाठ अर्धवट ठेवून पुन्हा वाढू देण्यापेक्षा संपूर्ण ग्रंथीच काढून टाकणे हितकर.

जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची अवटू ग्रंथी अशीच समूळ काढली. जखम सुरेख भरून आली. मुलगी घरी गेली. पुढे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कोखर यांना कळवले की, मुलीचा स्वभाव पालटला आहे. पूर्वी चुणचुणीत असलेली ही पोर आता सुस्त आणि मंद झाली आहे. कोखर यांनी या माहितीकडे फारसे लक्ष दिले नाही. जखम भरली, श्वास मोकळा झाला, म्हणजे शल्यविशारदाचे काम संपले, अशीच त्या काळची समजूत होती. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे रुग्णाची विचारपूस करण्याचा प्रघात नव्हता. हा विसर केवळ एका व्यक्तीचा नव्हता, तरी पुढची आठ वर्षे बर्नमध्ये संपूर्ण ग्रंथी काढण्याचे काम चालूच राहिले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हा येथील शल्यविशारद जाक-लुई रेव्हर्दँ यांची आणि कोखर यांची गाठ पडली. रेव्हर्दँ हेदेखील गलगंडाच्या शस्त्रक्रिया करीत. बोलण्याच्या ओघात त्यांनी आपल्या काही रुग्णांविषयी सांगितले. संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर काही महिन्यांनी हे रुग्ण अशक्त झाले होते, त्यांचे चेहरे व हात सुजले होते, बुद्धी मंदावली होती. कोखर यांना ती मुलगी आठवली असणार. त्यांनी आपल्या दप्तरातील जुन्या नोंदी काढल्या आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या होत्या त्या रुग्णांना पुन्हा तपासणीसाठी बोलावून घेतले.

जे रुग्ण आले त्यांचे सरळ दोन गट पडले. ज्यांच्या ग्रंथीचा काही भाग शिल्लक राहिला होता, ते सारे धडधाकट होते. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती, त्यांच्यापैकी बहुतेक सर्वांची दशा दयनीय होती. त्यांना सतत थंडी वाजे. त्वचा कोरडी व जाड झाली होती, केस गळत होते, जीभ जड झाली होती, पावले अडखळत होती. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायलाही त्यांना वेळ लागे. ती मुलगी आता वीस वर्षांची होत आली होती. शस्त्रक्रियेपूर्वी तिचे तिच्या धाकट्या बहिणीबरोबर काढलेले छायाचित्र होते. त्यात दोघी एकमेकींसारख्या दिसत. नऊ वर्षांनंतरच्या छायाचित्रात धाकटी बहीण उंच, सुदृढ तरुणी झालेली दिसते आणि तिच्याशेजारी थोरली बुटकी, सुजलेल्या चेहऱ्याची, निर्विकार उभी आहे. खेड्यापाड्यांत जन्मतः खुज्या व मतिमंद असलेल्या ज्या माणसांकडे पाहून लोक हळहळत, तशीच एक व्यक्ती कुशल हातांनी आणि उत्तम हेतूने घडवली होती.

हे सत्य झाकून ठेवणे कोखर यांना अशक्य नव्हते. रुग्ण दूरदूरच्या गावचे होते आणि कोणी तक्रार केली नव्हती. परंतु ४ एप्रिल १८८३ रोजी बर्लिन येथे जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत ते उभे राहिले आणि आपल्या सुमारे शंभर शस्त्रक्रियांचा हिशेब त्यांनी समव्यवसायिकांपुढे मांडला. त्यात छायाचित्रेही होती आणि स्वतःच्या हातून झालेली हानीही होती. या विकाराला त्यांनी ग्रंथी गेल्यामुळे येणारी क्षीणता अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. साध्या गलगंडासाठी संपूर्ण अवटू ग्रंथी यापुढे आपण काढणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांनी एका रुग्णाच्या शरीरात अवटू ग्रंथीच्या ऊतींचे रोपणही करून पाहिले. या उपायाने कायमचा गुण येत नाही हे नंतर दिसून आले, तरी अवयवरोपणाच्या इतिहासात या प्रयत्नाची नोंद घेतली जाते. या प्रकरणात रेव्हर्दँ यांचा वाटा मोठा होता आणि कोखर यांनी त्याचा पुरेसा उल्लेख केला नाही, अशी तक्रार जिनिव्हाकडून झाली. ती निराधार म्हणता येणार नाही.

विकार का होतो याचे कारण मात्र कोखर यांनी आरंभी चुकीचे लावले. श्वासनलिका कमकुवत होऊन शरीराला प्राणवायू कमी मिळतो, असा त्यांचा तर्क होता. लंडनचे फेलिक्स सेमन यांनी १८८३ सालीच अवटू ग्रंथीच्या अभावाकडे बोट दाखवले, तेव्हा श्रोत्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. मग एक समिती नेमली गेली, व्हिक्टर हॉर्स्ली यांनी माकडांवर प्रयोग केले, आणि १८८८ साली समितीने सेमन यांचे म्हणणे खरे ठरवले. १८९१ साली इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीला या विकारातून बाहेर काढले. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. निरुपयोगी मानलेली ग्रंथी जगण्याला किती आवश्यक आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा हवा तरी कशाला?

येथे कथेला एक विलक्षण वळण आहे. व्हिएन्ना येथे बिलरोथ यांनी गलगंडाच्या शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केल्या होत्या. त्यांच्या रुग्णांनाही शस्त्रक्रियेनंतर त्रास होई. पण तो वेगळाच. एकदोन दिवसांत ओठांभोवती व बोटांना मुंग्या येत, हाताची बोटे आखडून पंजा आत वळे, स्नायूंना वेदनादायक पेटके येत. काही जण त्यातच दगावत. या विकाराला टेटनी म्हणतात. बिलरोथ यांचे सहायक अँटोन व्होल्फ्लर यांनी १८७९ साली त्याचे वर्णन केले. बर्नच्या रुग्णांत क्षीणता फार आणि टेटनी क्वचित. व्हिएन्नाच्या रुग्णांत टेटनी फार आणि क्षीणता क्वचित. आजार एकच, ग्रंथी एकच, शस्त्रक्रियेचे नावही एकच. मग परिणाम भिन्न का?

अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी तरुणपणी व्हिएन्नाची पद्धत पाहिली होती आणि पुढे बर्नला जाऊन कोखर यांचे कामही पाहिले होते. त्यांना याचे उत्तर दोघांच्या हातांत सापडले. अवटू ग्रंथीच्या पाठीमागे मसुराच्या दाण्याएवढ्या, सहसा चार, परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे त्यांचे काम. कॅल्शियम घटले की स्नायू आखडतात. बिलरोथ झपाट्याने काम करीत. त्यांच्या घाईत मुख्य ग्रंथीचे तुकडे मागे राहून जात, आणि त्या तुकड्यांमुळे रुग्ण क्षीणतेपासून बचावे. परंतु ग्रंथीच्या बाहेरून मोठा घास घेताना परावटू ग्रंथी तरी निघून जात, नाही तर त्यांच्या रक्तवाहिन्या तुटत. कोखर आवरणाला धरून इतक्या नेटकेपणाने ग्रंथी सोडवत की, परावटू ग्रंथी आपल्या जागी सुरक्षित राहत, आणि मुख्य ग्रंथीचा कणही मागे उरत नसे. त्यांच्या रुग्णांचे दुर्दैव त्यांच्या हाताच्या सफाईतूनच आले होते.

परावटू ग्रंथींचा शोधही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय एकशिंगी गेंड्याच्या गळ्यात रिचर्ड ओवेन यांना या ग्रंथी प्रथम दिसल्या होत्या. स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८८० साली माणसातील परावटू ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. पण त्याच्याकडे बराच काळ कोणी वळून पाहिले नाही. म्हणजे बर्न आणि व्हिएन्ना येथे चाकू चालत होता, तेव्हा कोणत्या ग्रंथी वाचतात आणि कोणत्या जातात, हे त्या दोन्ही थोर पुरुषांना कळण्याचा मार्गच नव्हता. पुढे १९०७ साली हॉल्स्टेड यांनी हर्बर्ट एव्हान्स यांच्यासह या चिमुकल्या ग्रंथींना रक्त कोठून मिळते, हे दाखवून दिले. आज अवटू ग्रंथी पूर्ण काढावी लागली, तर तिच्या संप्रेरकाची गोळी रोज घेऊन रुग्ण नेहमीचे आयुष्य जगू शकतो. तरीही परावटू ग्रंथी आणि त्यांच्या बारीक रक्तवाहिन्या जपणे हे शल्यविशारदाच्या कौशल्याचेच काम राहिले आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तातील कॅल्शियम तपासले जाते.

१८८३ नंतर कोखर यांनी आपली पद्धत बदलली. ग्रंथीचा काही भाग राखून उरलेला काढायचा, हा त्यांचा नियम झाला. त्यांनी कँटनमधील शाळांतील मुलांचे गळे तपासून कोणत्या भागात गलगंड अधिक आहे, याची मोजणी केली. पिण्याचे पाणी आणि त्या भागातील खडक यांच्याशी त्याचा संबंध असावा, असा त्यांचा कयास होता. सांध्यातून निखळलेला खांदा जागी बसवण्याची त्यांची युक्ती, पोटावरील शस्त्रक्रियांतील त्यांचे छेद, १८९२ साली निघालेला आणि अनेक भाषांत गेलेला त्यांचा शस्त्रक्रियाविषयक ग्रंथ, या प्रत्येकावर स्वतंत्रपणे लिहिता येईल. देशोदेशींचे तरुण शल्यविशारद त्यांच्याकडे शिकायला येत. मेंदूवरील शस्त्रक्रियांसाठी पुढे विख्यात झालेले हार्वे कुशिंग हे त्यांच्यापैकी एक. रुग्णही दूरदूरहून येत. १९१३ साली रशियातून परागंदा झालेले लेनिन आपल्या पत्नीला, क्रुपस्काया यांना, घेऊन बर्नला आले आणि कोखर यांनी तिच्या गळ्यावर शस्त्रक्रिया केली.

अवटू ग्रंथीचे कार्य, तिचे विकार व तिच्यावरील शस्त्रक्रिया यांविषयीच्या कार्याबद्दल १९०९ साली कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. ज्या ज्ञानासाठी हा गौरव झाला, त्याचा मोठा भाग त्यांच्याच चुकीतून हाती आला होता. १९१२ पर्यंत त्यांच्या गलगंडाच्या शस्त्रक्रियांची संख्या सुमारे पाच हजारांवर गेली होती. त्याच वर्षी त्यांनी संशोधनसंस्थेसाठी बर्न विद्यापीठाला दोन लाख स्विस फ्रँक दिले.

पहिले महायुद्ध चालू असताना २३ जुलै १९१७ च्या संध्याकाळी रुग्णालयातून त्यांना तातडीचे बोलावणे आले. वय शहात्तरीला टेकले होते. त्यांनी जाऊन शस्त्रक्रिया केली. नंतर प्रकृती अस्वस्थ वाटू लागल्याने अंथरूण धरले. तेथेही शास्त्रीय टिपणे लिहिणे सुरूच होते. २७ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२२ साली, स्वित्झर्लंडमध्ये आयोडीन मिसळलेले मीठ विक्रीस आले आणि कोखर यांच्या रुग्णालयाकडे वर्षानुवर्षे वाहत असलेला गलगंडाच्या रुग्णांचा ओघ हळूहळू आटू लागला.